हिला लागंल तो पाटा

"पाटा जपून ठेव ग. कोनाला देऊ नको. हिला लागंल."

हे शब्द माझ्या मालकांचे. पडवीत उभं राहून त्यांनी ते आपल्या बायकोला सांगितले आणि अंगणातून मी ऐकले. मालक आता नाहीत. पण त्यांचा तो जड, ओलसर आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. त्या तीन छोट्या वाक्यांनी आमच्या घरात केवढा घोळ घातला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. वसईच्या खाडीकाठी एका गावात, जांभळाच्या झाडाखाली माझा मुक्काम. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता जिथे रंग आहे तिथे तो पिवळट, आणि जिथे नाही तिथे गंज. उंचीनं मात्र मी साऱ्या पिकअपना भारी आहे. माझ्या पोटाखालून शेळी मान न वाकवता जाते. म्हणून गावातली मुलं मला 'उंटीण' म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण उंचावरून दूरचं दिसतं, आणि दूरचं दिसायला लागलं की जवळच्यांचा संशय येऊ लागतो. हे मी अनुभवानं सांगते.

मी काही जन्मापासून उंच नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा चारचौघींसारखीच होते. आधी एका व्यापाऱ्याकडे कांदे-बटाटे वाहिले, मग शत्रुघ्न पाटलांकडे आले. त्यांची केळी, वांगी, दुधी घेऊन सकाळी बोळिंजच्या सोसायट्यांपुढे उभी राहायचे. बायका गॅलरीतून विचारायच्या, "दादा, वांगी घरचीच ना?" मालक वर न बघता म्हणायचे, "नाय ताई, सासुरवाडीची." पिशव्या घेऊन सगळ्या हसत खाली यायच्या.

आमच्या गावापुढे खाजण आहे, भरतीचं पाणी शिरणारी खारी दलदल, आणि खाजणापलीकडे मिठागराची वाडी. थोडीशीच घरं. चहूकडे खारं पाणी, पिण्याला थेंब नाही. टँकर तिथे बांधावरच्या कच्च्या रस्त्यानं जातो. पण पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात बांधाच्या मधल्या खोलगट भागात खाडी शिरते, आणि ओहोटी लागली तरी तिथलं पाणी हटत नाही. मग टँकरवाला अलीकडूनच परत फिरतो. आमच्या मालकांच्या विहिरीचं पाणी गोड. एका उधाणात त्यांनी माझ्यावर पिंपं भरून घेतली आणि मला त्या पाण्यात घातलं. मध्यावर माझ्या नाकातोंडात पाणी गेलं आणि मी बंद पडले. पलीकडे बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. भरलेली पिंपं त्यांच्या डोळ्यांदेखत परत न्यावी लागली. त्या दिवशी मालक जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आचोळ्याला सॅन्टनच्या गॅरेजात नेलं. सॅन्टन त्यांचा जुना दोस्त. तो त्यांना 'शत्रू' म्हणायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "अख्ख्या वसईत याचं कोनाशी वाकडं नाय, आनि नाव बघा!"

"हिला उंच कर," मालक म्हणाले.

"किती उंच?"

"खाडी हिच्या पोटाला लागता कामा नये."

"अरे बाबा, गाडी पायजे का उंट पायजे?"

"पानी नेनारं काय पन दे."

आता गाडी उंच कशी करतात ते ऐका. माझ्या पोटाखाली, चाकांच्या दांडीवर, पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून आवळलेल्या असतात. खड्डा आला की त्या दबतात आणि पुन्हा उसळतात. सगळं ओझं त्यांच्यावर. गॅरेजात याला पाटा म्हणतात. सॅन्टननं भट्टीत पट्ट्या तापवून, ठोकून, नेहमीपेक्षा जास्त वाकाचे पाटे बनवले. असे पाटे कुठल्या दुकानात मिळत नाहीत, कारण अशी गाडीच दुसरी नाही. ते बसवल्यावर मी जी उभी राहिले, ती आजतागायत.

मालकांनी वाडीवर जाऊन शब्द दिला. "उधान असो नसो, तुमी तहानलेले राहनार नाय. ही येनार." आणि मी जात राहिले. पाणी माझ्या चाकांना वेढायचं, पण पोटाला शिवायचं नाही. वाडीतल्या बायका माझ्या बॉनेटवर हात फिरवायच्या. तसं कौतुक नव्या कोऱ्या गाड्यांच्याही वाट्याला येत नाही.

घरात मात्र एका व्यक्तीला माझं कौतुक नव्हतं. मालकीणबाई, भागूबाई. देवभोळी बाई. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही, पुनवेचा उपास चुकवत नाही, कधी आवाज चढवत नाही. पण मालक माझ्याखाली झोपून ग्रीस भरत बसले की ती पडवीतून हळूच म्हणायची, "झाली का सवतीची न्हानीधुनी? आता घरच्या बाईकडं बघा जरा." मालकांनी कितीदा म्हटलं, "चल, तुला वाडीवर फिरवून आनतो." ती म्हणायची, "सवतीच्या मांडीवर मी बसनार नाय." आणि ती खरंच कधी बसली नाही.

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मीही नेलं. पण मित्रांनो, सवत हा शब्द मी मनात ठेवला होता.

मग मालकांनी सॅन्टनकडून पाट्यांची आणखी एक जोडी करून घेतली. "मी काय, तू काय, जन्माचे नाय," ते सॅन्टनला म्हणाले, "पन वाडी राहनार." गोणपाटात तेल लावून गुंडाळलेली ती जोडी माझ्याच पाठीवरून घरी आली. मालकांनी ती पडवीत नेली. पडवीचा तो कोपरा मला भिंतीमुळे दिसत नाही. काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, आणि मग ते शब्द, जे मी तुम्हाला आधीच सांगितले. हिला लागंल. हिला म्हणजे मला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याच वर्षी मालक गेले.

त्यानंतर रोज सकाळी पडवीतून उदबत्तीचा वास यायचा आणि भागूबाईंचा मऊ आवाज, "ठेवलाय हो. कोनाला दिला नाय." मी समजले. बाई नवऱ्याला दिलेला शब्द पाळते आहे, माझा पाटा सांभाळते आहे. सवत म्हणाली तरी मनानं चांगली आहे. मी निर्धास्त झाले.

उधाणाचं पाणी आता मुलगा भूपेश नेऊ लागला. तो कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी कुरकुरत का होईना, जायचा. पण ग्रीस भरायला तो कधी माझ्याखाली शिरला नाही. पाट्यांच्या टोकांना बसवलेले माझे रबरी बुश झिजले, नट कुरकुरू लागले, पाट्यांच्या पट्ट्यांमध्ये खारं पाणी बसलं. खारं पाणी घाई करत नाही, मित्रांनो. ते बसून खातं. एका अवसेला, भरल्या पिंपांसकट, बांधावर चढताना माझ्या मागच्या डाव्या पाट्यातून मोठा आवाज झाला आणि मी एका अंगावर बसले. पिंपं कलंडली. ट्रॅक्टरनं ओढत मला सॅन्टनच्या दारात नेलं.

आणि इथून माझ्या मनात संशय शिरला.

पहिला संशय आला मितेशचा. हा जुन्या गाड्यांचे भाग विकतो आणि जुन्या गाड्याच भंगारात घेतो. एकाच माणसानं औषधही विकावं आणि तिरडीही, तसं. सॅन्टननं नालासोपारा पाहिलं, भिवंडी पाहिली, माझ्या मापाचा पाटा कुठे नव्हता. तेव्हा मितेश एक जोडी घेऊन आला, काळ्या रंगानं चकचकणारी.

"एकदम नवीन, शेठ. पॅकिंगमधून काढली."

"पॅकिंग कुठाय?" भूपेशनं विचारलं.

"पॅकिंग फेकलं ना. तुम्हाला पॅकिंग बसवायचंय की पाटा?"

रंगाखाली गंज होता. तो मला जवळ आणतानाच कळला. ती जोडी बसवली आणि मी हातभर खाली आले. पिंपं चढवून पाहिली तर मागचं चाक पत्र्याला घासू लागलं. मितेश माझ्याभोवती फिरत राहिला, माझ्या अंगावर टिचक्या मारत. माझं लोखंड किती भरेल ते तो कानानं मोजत होता.

"देऊन टाका," तो म्हणाला. "चतुर्दशीला टेम्पो घेऊन येतो. उगाच हिच्यामागे कशाला पळता?"

तेव्हा सॅन्टन भूपेशला म्हणाला, "अरे, घरी जोडी हाय ना! तुझ्या बापानं करून नेलेली. ती आन."

"घरी? घरी असं काही नाही, काका."

"हाय. मी माझ्या हातानं बांधून दिली."

"मग मला कशी माहीत नाही?"

भूपेशच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मला चांगली ओळखता येते, कारण तशीच माझ्याही मनात पडली होती. फरक एवढाच की त्याचा संशय सॅन्टनवर, आणि माझा? सॅन्टननं जोडी दिली हे मला ठाऊक होतं. माझ्याच पाठीवरून ती घरी गेली होती. मग घरातल्या कोणावर?

सॅन्टननं मितेशची जोडी उतरवून माझ्या पाठीवर टाकली, जुने पाटे परत बसवले, मोडक्या पाट्याशी लाकडाचा ठोकळा अडकवला आणि मला कशीबशी घरी पाठवलं. जांभळाखाली उभी राहून मी कान टवकारले. भूपेश पडवीत शिरला.

"आई, बाबांनी पिकअपच्या स्प्रिंगचा स्पेअर सेट आणला होता का?"

"कसला सेट?"

"स्प्रिंग ग. लीफ स्प्रिंग. कुठे ठेवलाय?"

"स्प्रिंग तर पेनात असते. माझ्याकडं कशाला येईल?"

"चेष्टा नको ना करू."

"चेष्टा नाय बाबा. देवापुढं बसलेय मी. मला नाय माहीत."

देवापुढं बसून! मी हादरले. रोज सकाळी हीच बाई "ठेवलाय हो" म्हणते, आणि आता म्हणते माहीत नाही? उपासतापास करणारी, मुंगीला साखर घालणारी बाई देवासमोर खोटं बोलते? मला एकच उत्तर सुचलं. सवत. नवरा गेला, आता सवतीला भंगारात घालवायचं. किती शांतपणे वाट पाहिली बाईनं!

भूपेश बाहेर आला आणि बायकोला, दिपिकाला म्हणाला, "सॅन्टनकाकानंच विकली असणार जोडी. आणि बाबांच्या नावावर खपवतोय."

"असं बोलू नका कोणाबद्दल," दिपिका म्हणाली.

पण तो बोलला. घरात बोलला तसा बाजारातही बोलला.

दिपिका आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. कधीकधी ती दुपारी माझ्या केबिनमध्ये येऊन बसायची, काचा वर करून आईला फोन करायची. त्या दिवशीही आली. ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माझ्याच पोटात बसून बोललेलं मी कसं ऐकणार नाही?

"रोज तेच, आई," ती म्हणत होती. "रोज सकाळी पाट्यापाशी बसतात. ठेवलाय, कोनाला दिला नाय म्हणतात, आणि माझ्याकडे बघतात. मला कळत नाही का त्याचा अर्थ?" आणि ती डोळे पुसू लागली.

म्हणजे दिपिकालाही ठाऊक! पाटा कुठे आहे हे तिला माहीत आहे, आणि नवऱ्याला सांगत नाही! सासू-सुना मिळून आहेत यात. आता मला जांभळाचाही संशय येऊ लागला. माझ्यावर पानं टाकून हा मला झाकतो की पुरतो?

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नव्हती. वाडीवरून भागूबाईंना फोन आला. ती अंगणात येऊन बोलत होती, फोन कानापासून लांब धरून. "हो ग बाय. पुनवेला ना? येनार. त्यांनी शब्द दिलाय, मी बी देते. गाडी येनार." फोन ठेवून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या मोडक्या अंगावरून तिनं पुसल्यासारखा पदर फिरवला आणि पुटपुटली, "उठ ग बाय आता. मला खोटं पाडू नको."

मला काही कळेना. जी माझा पाटा दडवते, तीच मला उठ म्हणते. लबाडी इतकी गोड असू शकते का?

चतुर्दशी उजाडली. सुट्टीचा दिवस होता, भूपेश घरी होता. मितेशचा टेम्पो दुपारी येणार होता. त्याआधीच सॅन्टन आला. आपली स्कूटर त्यानं फाटकाबाहेर ठेवली, अंगणात आला, पण पडवीची पायरी चढला नाही.

"ये की वर," भागूबाई म्हणाली. "च्या टाकते."

"वर नाय येत, भागूबाय. आधी माझ्यावरचा आळ उतरू दे. बाजारात मला लोक विचारतात, सॅन्टन, दोस्ताचा माल विकलास व्हय? मारिया माउलीची आन, चाळीस वर्सांत असं कोन बोललं नव्हतं."

"कोन बोललं तुला असं?"

सॅन्टननं भूपेशकडे पाहिलंही नाही. "एकच सांगा. शत्रूनं पाटा आनून तुमच्याकडं दिलता का नाय संभालायला?"

"दिलता की," भागूबाई म्हणाली.

 माझ्या रेडिएटरमधलं पाणीसुद्धा थांबलं असेल.

"आई!" भूपेश ओरडला.

"वरडतोस कशाला? दिलता, आनि मी संभाललाय."

"मग मी विचारलं तेव्हा माहीत नाही कशी म्हणालीस?"

"तू कधी विचारलास? तू तर ते पेनातलं विचारत होतास."

"कुठे आहे तो?"

"पडवीत. पन द्यायचा नाय. त्यांनी बजावलंय, कोनाला देऊ नको, हिला लागंल."

हिला! तिनं हात पुढे केला. मला वाटलं, आता माझ्याकडे बोट दाखवणार. पण ते बोट दारात उभ्या असलेल्या दिपिकाकडे वळलं.

"दिपिकाला?" सॅन्टनचा आवाज चिरकला. "हिला पाटा कशाला?"

"कशाला म्हंजे? पोर झालं की पाचवीला पाटा-वरवंटा पूजायला नको? या मिक्सरवाल्या पोरींच्या घरी कुठला पाटा? म्हनून त्यांनी सांगितलं, जपून ठेव, हिला लागंल. मी हळदकुंकू वाहते रोज, त्यांना सांगते, ठेवलाय हो."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं. मला एकच पाटा माहीत होता, चाकावरचा. भागूबाईला एकच पाटा माहीत होता, दगडाचा, मसाला वाटायचा. आणि मालक गेले दोन्ही पाट्यांच्या मधोमध एक वाक्य ठेवून. रोज सकाळी मी जे ऐकत होते, ते माझ्यासाठी नव्हतंच.

भूपेशला हसू आवरेना. पण दिपिका हसली नाही. ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही माझ्यासाठी तो ठेवला होता?"

"मग कोनासाठी?"

"मला वाटायचं, तुम्ही मला टोचता. मूल नाही म्हणून. पाट्यापाशी बसून रोज माझ्याकडे बघता..."

भागूबाईच्या हातातला पदर सुटला. "अग बाय माझे. मी बघायचे ते तू जवळ येऊन बसतेस का म्हनून. तू कधी बसली नाहीस. मला वाटलं, तुला हे देवदेव आवडत नाय."

 मग दिपिका पडवीत कोपऱ्याकडे गेली आणि सासूही गेली. पुढचं मला भिंतीमुळे दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

"हा पाटा कशावर ठेवलाय?" सॅन्टननं विचारलं. आता त्यानं पायरी ओलांडली होती.

"आसनावर. त्यांनीच करून दिलं. दगडाला ओल लागू नये म्हनून."

"आसनाला वास कसला येतोय?"

"माझ्या दिव्याच्या तेलाचा."

"हे दिव्याचं तेल नाय, भागूबाय. हे माझ्या गॅरेजातलं हाय."

"थांब," भागूबाई म्हणाली. "मी उचलते. दिपिका, तू दुसरीकडनं धर." दगड सरकल्याचा आवाज आला, तोच आवाज, जो मी मालकांच्या वेळी ऐकला होता. मग गोणपाट फाटलं, आणि पोलादावर पोलाद वाजलं. ठण्ण!

त्या आवाजाला माझ्या मोडक्या पाट्यानं आतून ओ दिली.

मालकांनी भंगारवाल्याच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून जोडी गोणपाटात भिंतीलगत ठेवली होती आणि वर दगडी पाटा. भागूबाईनं दगड कोणाला हलवू दिला नाही. फरशी घालताना भूपेश तो फेकून देणार होता, तर ही तिथे बसून राहिली होती. मला जी चोरटी वाटली, तिनंच नकळत माझं सगळं राखलं होतं, रोज हळदकुंकू वाहून. मला फार लाज वाटली. पण गाड्यांना मान खाली घालता येत नाही.

दिपिका भूपेशला म्हणाली, "तुम्ही आईंशी पाट्याच्या भाषेत बोलला असता, तर एवढं झालंच नसतं."  भूपेशनं तांब्याभर पाणी आणलं आणि सॅन्टनपुढे धरलं. "काका, बाजारात जे बोललो, ते बाजारातच जाऊन परत घेतो," म्हणाला. सॅन्टननं पाणी पिऊन तांब्या परत दिला. "आधी गाडीखाली शिर," तो म्हणाला. "बोल्ट कोन धरनार?"

तेवढ्यात मितेशचा टेम्पो आला. अंगणात पसरलेले पाटे, जॅकवर चढलेली मी आणि माझ्याखालून बाहेर आलेले भूपेशचे पाय बघून तो म्हणाला, "काय शेठ, भाव वाढवायचा विचार आहे का?"

माझ्याखालून भूपेशचा आवाज आला, "मितेशभाई, चहा घ्या आणि या."

सॅन्टननं माझ्या पाठीवर पडलेली मितेशची ती काळी रंगवलेली जोडी उचलून त्याच्याच टेम्पोत टाकली. मग जुने नट तेल सोडून सैल केले. माझा मोडका पाटा बाहेर काढला, तेव्हा मला दात काढल्यासारखं हलकं वाटलं. नवे बुश बसले, पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलं, बोल्ट आळीपाळीनं थोडेथोडे आवळले. एकदम आवळले तर पाटा तिरका बसतो. भूपेशच्या केसांत, कानांत, कोपरापर्यंत ग्रीस गेलं. बापासारखाच दिसत होता. जॅक उतरवला आणि मी चाकांवर आले. जराशी दबले, जराशी उसळले, आणि उभी राहिले. पूर्वीइतकी. शेळी येऊन पोटाखालून गेली, मान न वाकवता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांच्या सांध्यांना वेळच्या वेळी तेल द्या, खाऱ्या पाण्यातून आल्या की गोड्या पाण्यानं धुवा, आणि त्यांचे भाग मिळत नाहीत म्हणून त्यांना लगेच देशोधडीला लावू नका. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. घरात काही सापडेनासं झालं तर मोठ्या माणसांना त्यांच्या तोंडच्या शब्दानं विचारा. आणि उत्तर विचित्र आलं तर संशय घेण्याआधी आणखी एकदा विचारा, जवळ बसून. मी विचारू शकत नव्हते. तुम्हाला तोंड आहे.

पुनवेला पहाटेच भूपेश उठला. कोणी हाक मारली नव्हती. त्यानं विहिरीचा पंप लावला आणि माझ्यावरची पिंपं एकेक करून भरली, झाकणं फडक्यानं बांधली. मी एकेका पिंपासरशी दबत गेले, पण पाट्यानं कुरकुर केली नाही.

भागूबाई तुळशीला पाणी घालून आली. उपासाचं तोंड, कपाळावर ताजं कुंकू. ती माझ्या दाराशी येऊन थांबली आणि वर बघू लागली. तिच्यासारख्या ठेंगण्या बाईला माझी पायरी म्हणजे माडावर चढणंच. दिपिका आतून लाकडी पाट घेऊन आली, जेवायला बसायचा. तो तिनं माझ्या दाराखाली ठेवला. भागूबाईनं त्यावर पाऊल ठेवलं, हँडल धरलं, आणि माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "सरक ग, सवती."

ती बसली. भूपेशनं चावी फिरवली. फाटकातून बाहेर पडताना मागून घरातून एक आवाज आला, जो त्या घरात कित्येक वर्षांत ऐकू आला नव्हता. दिपिकानं दगडी पाटा धुऊन घेतला होता आणि त्यावर ओलं खोबरं वाटायला बसली होती. घर्र, घर्र, थांबून पुन्हा घर्र. भागूबाईनं ते ऐकलं, पण मागे वळून पाहिलं नाही. तिनं नुसते हात जोडले.

पुढे बांध होता. बांधाच्या मधोमध चंद्राचं पाणी अजून थांबलेलं होतं, आणि पलीकडे, धूसर उजेडात, हंड्यांची रांग.  आम्ही पाण्यात उतरलो.